तुमची वही, माझं अक्षर

अक्का, तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या फोन बूथवाल्यानं गल्लीतून मला हाक मारली. घरात दहा-बारा बाया बसल्या होत्या. मला वाटलं, शिरपूरहून कुणाचा तरी फोन असेल, उशिरा कळलं असेल. पदर सावरत गेले. फोनवर एक गुजराती माणूस होता. केबलच्या जाहिरातपट्टीवर वाचलं म्हणाला, लोखंडी कपाट आहे का अजून? मी सांगितलं, विकणारी बाई वारली. तो म्हणाला, "अरेरे, बहु खोटुं थयुं. तो बेन, भावमां कंई ओछुं थशे?"

म्हणजे बाई मेली आहे, तर भावात काही कमी होईल का, असं त्याला विचारायचं होतं.

मी फोन ठेवला आणि त्या तीन दिवसांत पहिल्यांदा मला तुमची खरी आठवण आली. तुम्हाला त्या माणसाचा राग आला नसता. तुम्ही गळा दाटून आणून म्हणाला असतात, गेलेल्या माणसाचं कपाट आहे भाऊ, डोळ्यांसमोर ठेववत नाही, म्हणून काढतोय. आणि दोनशे रुपये चढवून दिलं असतंत.

घरात परत आले तर बायांचं तुमच्याबद्दल बोलणं चाललं होतं. फार माणसं जोडली म्हणे तुम्ही. सुरतच्या अर्ध्या लिंबायतमध्ये ओळख. मी पाण्याचे तांबे भरत ऐकत होते. माणसं नाही जोडलीत अक्का, तुम्ही पत्ते जोडलेत. ज्या बाया बसल्या होत्या त्यांतल्या निम्म्यांच्या घरी तुम्ही दुखवट्याला जाऊन आला होतात, आणि निघताना पलंग नाहीतर पंखा विकत घ्यायचं ठरवून आला होतात. "आता इतकी भांडी कुणासाठी ठेवता, वहिनी?" हे वाक्य तुम्ही ज्या हळू आवाजात म्हणायच्या, तो आवाज माझ्या कानात अजून आहे. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं होतं, किती मायाळू बाई आहे.

लोक गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहितात. मला ते जमणार नाही. तुमच्यासाठी पुष्कळ खोटं लिहून झालंय माझं.

तुम्ही थोरल्या जाऊ, मी धाकटी. मी लग्न होऊन आले तेव्हा दोन खोल्यांत आपण दोन बिऱ्हाडं राहत होतो. दोघींचेही नवरे लूमच्या कारखान्यात. माझ्याबरोबर माहेरहून आलेलं सामान टेम्पोतून उतरत होतं आणि तुम्ही दारात उभ्या राहून एकेका वस्तूकडे बघत होतात. नवीन सुनेकडे नाही, सामानाकडे. मी नंतर पुष्कळांच्या घरी तुमच्याबरोबर गेले, तेव्हा ती नजर ओळखीची झाली. बसायच्या आत तुमचे डोळे सगळं घर फिरून यायचे.

तुमचा धंदा सुरू झाला प्लेगच्या दिवसांत. सगळी सुरत पळत होती. स्टेशनावर मुंगीला जागा नव्हती. आमच्या ह्यांनी मला घेऊन शिरपूर गाठलं. तुम्ही हलला नाहीत. दादांना, तुमच्या नवऱ्यालाही, हलू दिलं नाहीत. घर कोण राखेल, म्हणालात. मी गावी तीन आठवडे तुमच्या काळजीनं नीट जेवले नव्हते, अक्का. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. परत आले तर घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पळणाऱ्यांना भाड्याला पैसे हवे होते आणि तुम्ही गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून खाटा, मिक्सर, शिवणयंत्र, टेबलफॅन, मिळेल ते मातीमोल भावानं घेत होतात. तोंडाला रुमाल बांधून.

लोक परतले तेव्हा मला वाटलं होतं, आता ज्याचं त्याला जाईल. समोरचे परभणीकडचे सखाराम आणि त्यांची बायको आले. त्यांचा पलंग आपल्या बाहेरच्या खोलीत उभा करून ठेवलेला. बायकोनं पलंगाच्या पायाला हात लावून पाहिला, जसं कुणी आपल्या गाईला हात लावतं. तुम्ही त्यांना चहा दिलात, गावाकडची खुशाली विचारलीत, आणि त्यांचाच पलंग त्यांना दीडपट भावानं विकलात. ते गेल्यावर मी म्हटलं, "अक्का, शेजारी आहेत ते." तुम्ही म्हणालात, "शेजारी होते म्हणून दीडपट. दुसऱ्याला दुप्पट लावला असता."

त्या दिवसापासून मी तुम्हाला मनातून उतरवलं. तोंडावर मात्र अक्का, अक्का करत राहिले.

मग माझा लेमन सेट गेला. माझ्या मावशीनं लग्नात दिलेला, जग आणि सहा ग्लास, कडेला निळी फुलं. मी माहेरी चार दिवस गेले होते. आले तर फळीवर डब्याएवढी रिकामी जागा. मी रडायलाच लागले. तुम्ही भाकरी थापत होतात, हात न थांबवता म्हणालात, "चार वरीसमा एक डाव तरी काढा का तू? जे वापरस नही, ते नकोच ऱ्हास."

चार वर्षांत एकदा तरी काढलास का. जे वापरत नाहीस ते नकोच असतं. हे भांडण आपलं कधीच संपलं नाही. मी म्हणायचे, नको आहे की हवं आहे हे ज्याची वस्तू आहे त्यानं ठरवायचं. तुम्ही म्हणायच्या, माणूस कधीच ठरवत नाही, म्हणून दुसऱ्यानं ठरवायचं. मी चिडून म्हटलं होतं एकदा, उद्या माणसांचंही असंच करा, जो वापरात नाही तो काढून टाका. तुम्ही हसलात. म्हणालात, जग दुसरं काय करतं मग?

तुम्हाला लिहिता येत नव्हतं आणि मी दहावी पास. त्यामुळे तुमचा धंदा वाढला तशी मी त्यात ओढली गेले. केबलवाला आपल्या चॅनलवर सिनेमा लावायचा, त्याच्या खाली जाहिरातींची पट्टी सरकायची. साड्यांचा सेल, डॉक्टरांचा दवाखाना, आणि मध्येच तुमचं 'वेचवानुं छे, नवा जेवुं'. विकायचंय, नव्यासारखं. आता त्याला फोन नंबर हवा, तो बूथवाल्याचा. मजकूर हवा, तो माझा. गुजराती अक्षरं मी दुकानांच्या पाट्या वाचून शिकले होते. सिनेमात हिरॉईन रडत असायची आणि तिच्या पायाखालून आपला 'नव्यासारखा' टेबलफॅन जायचा. पट्टी आली की तुम्ही सगळ्यांना गप्प करायच्या आणि वाचता येत नसताना शेवटच्या अक्षरापर्यंत बघत राहायच्या.

आणि ती वही. लांबट, लाल पुठ्ठ्याची. इतर कुणी ठेवली असती तर काय आलं, काय गेलं, एवढंच लिहिलं असतं. तुम्ही मला पाच रकाने पाडायला लावलेत. वस्तू. कुणी नेली. कुठे राहतो. खोड काय. आणि पाचवा, आपण काय सांगितलं.

मी विचारलं, खोड कशाला लिहायची, गिऱ्हाइकाला तर सांगत नाही आपण. तुम्ही माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलंत. "अगं, उद्या तो परत आला तर आपण काय बोललो होतो ते आपल्याला नको का माहीत?" तुम्ही सांगायच्या, "तू लिख, मी सांगस." आणि मी लिहायचे. पंखा, तिसऱ्या नंबरावर अडकतो, सांगितलं एकदम बरोबर. कपाट, मागून गंजलेलं, सांगितलं दोन वर्षं वापरलं. माझं अक्षर शाळेत बक्षीस मिळवलेलं. त्या अक्षरात तुमचं खोटं फार सुरेख दिसायचं.

पत्ता तुम्ही का लिहायला लावायच्या, तेही मला उशिरा कळलं. आज पलंग नेणारा मजूर वर्षा-दोन वर्षांनी गावी जाणार, तेव्हा त्याला तो जड होणार. तुम्ही बरोबर त्या सुमाराला त्याच्या दारात उभ्या. एक छताचा पंखा तर तुम्ही चार वेळा विकलात. प्रत्येक वेळी तो आपल्याकडे परत आला आणि तुम्ही त्याच्या पात्यांवरची धूळ पुसताना गुणगुणत होतात.

एवढं सगळं लिहिताना माझा हात एका ठिकाणी अडतो. तुमच्यामुळेच मी सुरत पाहिली. लग्नानंतर तीन वर्षं मी लिंबायतचा बाजार सोडून कुठे गेले नव्हते. तुम्ही मला रिक्षात घातलंत, उधना, पांडेसरा, चलथाणच्या साखर कारखान्याच्या वस्तीपर्यंत नेलंत. घासाघीस कशी करायची, कुठे उठून चालायला लागायचं, परक्या पुरुषाच्या डोळ्यांत बघून 'नाही' कसं म्हणायचं, ते शिकवलंत. ह्यांनी एकदा कुरकुर केली, बूथवर उभी राहते म्हणून. तुम्ही धाकट्या दिराला सुनावलंत, "तुझ्या लूमच्या खडखडाटात तिला बसवून ठेवू का मग?" त्यानंतर ते कधी बोलले नाहीत. आणि माझ्या मुलीसाठी ती लाल सायकल तुम्ही तीन महिने विकली नाहीत. फोन आला की 'गई काले ज गई', कालच गेली, असं सांगायला लावायच्या. पोरगी शिकली त्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र विकलीत. ती दोन दिवस जेवली नाही. तुम्ही म्हणालात, शिकली ना? आता सायकल कशाला?

असं होतं तुमचं. उपकारही पूर्ण करू द्यायचा नाही.

पण मी हे लिहायला बसले ते सायकलीसाठी नाही. स्टोसाठी.

पितळी स्टो होता, पंपाचा. कोणीतरी गॅस घेतला म्हणून काढलेला. तुम्ही तो चिंचेनं घासून असा लखलखीत केलात की देव्हाऱ्यात ठेवावा. पंपाचा वायसर गळत होता आणि टाकीचं झाकण पक्कं बसत नव्हतं. पेटवून पाहिला तेव्हा झाकणाशी ज्योत दिसली, ती तुम्हीही पाहिली, मीही पाहिली. तुम्ही ओल्या फडक्यानं दाबलीत. वायसर आणि झाकण बदलायला बाजारात जावं लागलं असतं, एवढंच. त्याच दुपारी गिऱ्हाईक आलं.

वंदना आणि तिचा नवरा. यवतमाळकडचे, लग्नाला दोन महिने झालेले. तो बांधकामावर, राहायला तापीपलीकडे कोसाडच्या क्वार्टरमध्ये. तिनं स्टो हातात घेतला, नाकाशी नेला.

"वास येते ना बाई याचा."

तुम्ही म्हणालात, "स्टो आहे बाई, अगरबत्ती नाही. रॉकेलचा वास येणारच." तिचा नवरा हसला. ती पण हसली, लाजून. मी खाटेवर वही घेऊन बसले होते. तुम्ही नेहमीसारखं हळूच अहिराणीत सांगितलंत आणि मी लिहिलं. खोड, वायसर गळतो, झाकण सैल. सांगितलं, फक्त पिन बदलायची. वंदनानं मान वाकवून विचारलं, "काय लिहिता?" मी म्हटलं, "तुमचं नाव-गाव." तेही खोटं नव्हतं, अक्का. तुमच्याकडून मी हेच शिकले होते, अर्धं खरं कसं बोलायचं ते.

तीन-एक आठवड्यांनी नवरा एकटा आला. गोणपाटात स्टो. स्वयंपाक करताना झाकणातून भडका उडाला होता. तिचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत जळाला. बारा दिवस सरकारी दवाखान्यात होती. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं स्टो जमिनीवर ठेवला आणि म्हणाला, "ह्याच्यात काय बिघाड होता ते सांगा फक्त."

तुम्ही स्टोकडे पाहिलंत. म्हणालात, "हा स्टो आमचा नाही."

"आईच्यान, इथूनच नेला बाई. ह्या बाईनं वहीत लिहून घेतलं होतं. वही पाहा."

"कसली वही?" तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "ही? हिला तर लिहिता येत नाही. अडाणी आहे ती."

वही माझ्या मांडीखाली होती. त्याचा आवाज ऐकला तेव्हाच मी ती खाली सारली होती. तुम्ही सांगायच्या आधीच. हे मी तुम्हाला आज सांगते. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "खरं काय, बाई?" मी खाली बघून मान डोलावली. शिरपूरच्या शाळेत मराठीत पहिली आलेली मी. माझ्या वडिलांनी पेढे वाटले होते.

तो स्टो तिथेच टाकून गेला.

त्याची पावलं गल्लीतून नाहीशी झाली आणि तुम्ही म्हणालात, "ते पान फाडी टाक." मी फाडलं नाही. तुम्हाला वाटत असेल हिंमत होती म्हणून. हिंमत नव्हती. तुम्हाला हवं ते माझ्याकडून मिळू नये, एवढंच होतं. मी म्हटलं, कोसाडला जाऊन या, तिला बघून या, निदान दवाखान्याचे पैसे द्या. तुम्ही स्टो उचलून वजन बघत होतात. म्हणालात, "तठे जाईसन कातडी परत येस का?" आणि चार दिवसांनी भंगारवाल्याला पितळेच्या भावानं तो स्टो दिलात.

त्यानंतर मी वहीला हात लावला नाही. एक वर्ष आणि वर काही महिने. तुम्ही धंदा आठवणीवर चालवत राहिलात, जाहिरात केबलवाल्याला तोंडी सांगायला लागलात. आपण एका चुलीवर स्वयंपाक करत होतो आणि मी तुमच्याशी मीठ-मिरचीपुरतं बोलत होते. मला तुमची किळस यायची. तुम्ही फोनवर गोड बोलायला लागलात की मी नळ मोठा सोडायचे. मला त्या किळसेचा आधार वाटायचा, हे आता कळतं. तुम्ही किती वाईट, हे रोज मोजलं की बाकी काही मोजावं लागत नव्हतं.

त्या सकाळी तुम्ही छातीवर हात ठेवून ओट्याशी बसलात. मी रिक्षा आणायला पळत होते, तर मागून म्हणालात, "निर्मला, वही कोठे शे?" मी उत्तर दिलं नाही. वाटलं, आताही हिला वहीच सुचते. दवाखान्याच्या दारापर्यंतही तुम्ही पोचला नाहीत. आणि वही कुठे आहे हे मी सांगितलं नाही, एवढं माझ्याकडून तुम्हाला शेवटचं मिळालं.

तेरावं झालं. त्यानंतर तीन दिवसांनी मी वही काढली, कोसाडचा पत्ता वाचला आणि कुणाला न सांगता निघाले. तुमच्या मागे तुमचं पाप धुवायला निघाले होते मी, केवढी मोठी बाई. रिक्षा तापीच्या पुलावर आली तेव्हा मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. त्या वाक्यांत सगळीकडे 'अक्का' होतं. अक्कांनी लपवलं, अक्कांनी नाकारलं, अक्का तशाच होत्या.

तिसरा मजला. दार उघडंच होतं. वंदना खाली बसून भिजवलेली डाळ मिक्सरवर वाटत होती. तिनं मला पाहिलं, बटण बंद केलं आणि लगेच ओळखलं. मला वाटलं होतं ती दार लावेल. तिनं डाव्या हातानं सतरंजी पसरली.

"या ना बाई. मोठ्या बाई नाई आल्या?"

मी म्हटलं, त्या वारल्या.

"अवं माय! कवा?" तिनं पदर तोंडाला लावला. अक्का, ती रडली. उगाच लोकांना दाखवायला रडतात तशी नाही. तिचे खांदे हलत होते. मी बघत राहिले. पदर धरलेला हात उजवा होता. मनगटापासून वर कातडी वितळून परत थिजल्यासारखी, गुलाबी, सुरकुतलेली. बोटं पूर्ण मिटत नव्हती.

मी विचारलं, तुम्ही त्यांच्यासाठी का रडता? म्हणजे, नंतर कधी...

तिनं डोळे पुसले आणि मिक्सरकडे बोट केलं.

हात भाजल्याला चार महिने झाले असतील, म्हणाली, तेव्हा तुम्ही एकट्या तीन जिने चढून आला होतात. धापा टाकत बसलात. पाणी प्यायलात. तिचा हात हातात घेऊन उलटा-पालटा करून पाहिलात, बाजारात वांगं बघतात तसा. मग विचारलंत, "पाट्यावर वाटता येतं का?" ती नाही म्हणाली. तुम्ही उठून गेलात. पुढच्या आठवड्यात हा मिक्सर घेऊन आलात.

"दिला त्यांनी?" मी विचारलं.

"नाई वं. इकला." वंदना रडता रडता हसली. "भाव तर असा सांगतला की हे चिडलेच. पण हप्त्यानं दिला. दर महिन्याले हप्ता घ्यायले याच्या. पयले हात पाह्याच्या, मंग पैसे मोजाच्या. मालिश कर म्हणाच्या, बोटं उघड-मिट कर म्हणाच्या. नाई केलं का शिव्या द्याच्या."

"आणि स्टोबद्दल?"

"स्टोचं नाव कधी घेतलं नाई त्यायनं. म्याबी नाई घेतलं."

तर हे तुम्ही मला लिहायला सांगितलं नाहीत. मी लिहिलं नसतं, तेही खरं. पण उधारीवर काडेपेटीसुद्धा न देणाऱ्या तुम्ही, दर महिन्याला तापी ओलांडून, तीन जिने चढून, जिला जाळलंत तिच्याचकडून हप्ता घेऊन येत होतात. मी मिक्सरकडे बघत होते आणि मला तुमचा इतका संताप आला, अक्का, की मला हसू फुटलं. फुकट द्यायचा होता. माफी मागायची होती. तुम्हाला एवढंच येत होतं, विकणं. आणि मला घरी बसून तुमची किळस करणं येत होतं. त्या तीन जिन्यांची एक पायरीसुद्धा मी त्या दिवसापर्यंत चढले नव्हते.

तेव्हा मी पिशवीतून वही काढली. जुळवून आणलेली वाक्यं विसरले होते. मी पान उघडून तिच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, हा स्टो आमचाच होता. त्याचा बिघाड आम्हाला माहीत होता.

वंदनानं वही गुडघ्यावर घेतली. भाजलेल्या हाताच्या बोटानं ओळीखाली रेघ ओढत हळूहळू वाचायला लागली. वायसर गळतो. झाकण सैल. सांगितलं, फक्त पिन बदलायची. ते तिनं दोनदा वाचलं. मग तिचं बोट अक्षरावरच थांबलं.

"हे कोनं लिहिलं?"

"मी."

"तुमाले लिहिता येते?"

मी हो म्हटलं.

ती बोलली तेव्हा आवाज अगदी शांत होता. "ह्यायनं मले सांगतलं होतं, मोठी बाई खोटारडी हाय, पन ती दुसरी अडाणी हाय बिचारी, तिले काय ठाऊक. म्या तुमच्यावर कधी राग धरला नाई, बाई. वाटे, आपल्यासारखीच असन, घरात दबलेली."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. अक्का, 'हो, दबलेलीच होते' असंच काहीसं येणार होतं माझ्या तोंडून.

"मंग त्या दिवशी काऊन नाई बोलल्या?"

ती वाट बघत होती, खरंच वाट बघत होती, रागानं नाही. तुम्हाला घाबरत होते म्हणावं तर ते खरं नव्हतं, तुम्हाला मी कधीच घाबरले नाही. मी फक्त तुम्हाला वाईट ठरवत होते, आणि त्या दिवशी त्यासाठी गप्प बसणं सोयीचं होतं.

वंदनानं वही मिटली, माझ्या हातात दिली आणि उठून उभी राहिली. "या तुमी आता," म्हणाली. चहाचं विचारलं नाही. मी उंबऱ्याबाहेर पडले आणि मागे दार लागलं. कडी घातल्याचा आवाज आला.

तुमच्यासाठी ती रडली होती.

जिन्याच्या कठड्याला धरून मी बराच वेळ उभी होते. मग आत बटण दाबल्याचा खट आवाज झाला आणि राहिलेली डाळ वाटली जाऊ लागली. मी कान देऊन ऐकलं. मिक्सर कुठे अडकत नव्हता, खरखर नव्हती, जळका वास नव्हता. चांगला चालतोय, अक्का.